कारभारीपण कोणाला मानवते?

काशीचा पंचगंगा घाट उत्तरेकडे ओलांडला की दुर्गाघाट लागतो. नवदुर्गांपैकी ब्रह्मचारिणीचे देऊळ येथेच आहे, आणि घाटामागच्या अरुंद गल्ल्यांतून कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची घरे आहेत. माजघरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, असा या घरांचा व्यवहार चालत आला आहे. अशा एखाद्या घरातला नातू दिवाळीला बंगळूरहून येतो आणि आजोबा त्याला साहजिकच विचारतात, "तू तिथे करतोस तरी काय रे?"

"आजोबा, मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे."

"म्हणजे यंत्रे करतोस?"

"नाही, ती इंजिनियर करतात."

"मग विकतोस?"

"तेही दुसरेच विकतात."

"बरे, हाताखाली माणसे किती?"

"तशी एकही नाही."

"मग तुला पगार कशाचा देतात?"

नातू हसतो आणि विषय फराळाकडे वळवतो. परंतु इंजिनियरीच्या शेवटच्या वर्षाला असलेली त्याची धाकटी बहीण तेथेच बसून हे ऐकत असते. तिच्या बरोबरीच्या पुष्कळांनी हाच व्यवसाय मनात धरला आहे, आणि आपणही तो धरावा की काय, या विचारात ती आहे. पगार चांगला, नाव भारदस्त, आणि दिवसभर पडद्यापुढे मान मोडून बसावयास नको, एवढे तिने ऐकले आहे. जे ऐकलेले नाही ते आजोबांच्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मराठीत या पदाला अजून नीटसे नाव मिळालेले नाही. 'उत्पादन-व्यवस्थापक' म्हणावे तर कारखान्यातून माल वेळेवर बाहेर पडतो की नाही हे पाहणारा अधिकारी डोळ्यांपुढे येतो, आणि तो हा नव्हे. एखादी वस्तू कोणासाठी करावयाची, तिने त्यांची कोणती अडचण दूर व्हावी, आधी काय करावे, मागाहून काय आणि मुळीच काय करू नये, हे ठरविणे. आणि ठरले ते अनेकांच्या हातून पार पडेपर्यंत त्याची पाठ न सोडणे, हे प्रॉडक्ट मॅनेजरचे काम होय. वस्तू म्हणजे दर वेळी हातात धरण्याजोगा पदार्थच असेल असेही नाही. फोनवरून रेल्वेचे तिकीट काढण्याची सोय हीदेखील या अर्थाने वस्तूच. जुन्या व्यवहारातला 'कारभारी' हा शब्द या कामाच्या पुष्कळ जवळ जातो. धनी वेगळा, राबणारे वेगळे आणि उपभोग घेणारे तिसरेच. या तिघांच्या मध्ये उभा राहून तिघांचेही ओझे वाहणारा तो कारभारी.

आजोबा ज्या घाटावर रोज स्नानाला उतरतात तो घाट अशाच कारभाराचे फळ आहे. पेशवे ज्यांना गुरुस्थानी मानीत ते नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात काशीला येऊन राहिले. दुर्गाघाट आणि शेजारचा ब्रह्मघाट यांची उभारणी त्यांच्या नावाशी निगडित आहे. येथली जागा त्यांनी स्थानिक कोळ्यांकडून विकत घेतली, असे परंपरा सांगते. त्या काळी असे काम अंगावर घेणाऱ्याची स्थिती कशी असे, हे पाहण्यासारखे आहे. आश्रयदाते दूर पुण्यात. प्रदेश अयोध्येच्या नवाबाच्या अंमलाखालचा. काशीच्या घाटांना लागणारा दगड बहुतेक चुनारचा, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाने नावांतून उतरणारा. पाथरवट आणि नावाडी त्या मुलखातले, त्यांची बोली निराळी. यांपैकी कोणालाही हुकूम फर्माविण्याची सत्ता दक्षिणेतून आलेल्या विद्वान ब्राह्मणापाशी नव्हती. शब्दाला वजन होते, आणि काय साधावयाचे याची स्पष्ट कल्पना असावी लागत होती. एवढ्याच भांडवलावर दगडावर दगड चढवून घ्यावयाचा होता.

घाट ही वस्तू वाटते तितकी सरळ नाही. वाराणसीस गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर धरतात. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यातले पाणी धोक्याच्या पातळीहून दहा मीटरांपेक्षाही अधिक खाली असते. याचा अर्थ असा की घाटाला एक काठ नाहीच. वैशाखातला काठ वेगळा, श्रावणातला वेगळा. कोणत्याही महिन्यात माणसाला पाण्याशी निर्धास्त पोहोचता यावे, ही मुख्य गरज. तिच्याभोवती इतर गरजा गर्दी करतात. म्हाताऱ्या माणसांना पायरी बुटकी हवी. पण पायऱ्या बुटक्या केल्या की त्यांची संख्या वाढते, दगड वाढतो, खर्च वाढतो. नावाड्याला नाव लावण्यासाठी कड सरळ हवी. घाटियाला छत्री रोवून बसण्यासाठी ओटा हवा, आणि ओटा पुढे आला की स्नानाची जागा आकसते. धन्याला आपल्या नावाला साजेशी भव्यता हवी. प्रत्येकाचे म्हणणे रास्त आहे, आणि सर्वांचे सर्व म्हणणे एकाच काठावर मावणारे नाही. पायरीची उंची किती ठेवावी, हा प्रश्न दगडाचा दिसतो. वस्तुतः तो कोणाचे म्हणणे किती मानावे याचा आहे.

हा विचार थिटा पडला म्हणजे काय होते, तेही जवळच पाहावयास मिळते. दुर्गाघाटाच्या दक्षिणेला, मणिकर्णिकेच्या अलीकडे, शिंदे घाट आहे. एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो मोठ्या थाटाने बांधविला. द्रव्याची ददात नव्हती. परंतु त्या अवजड बांधकामाचा भार नदीकाठच्या जमिनीला सोसवला नाही आणि घाट खचला. विसाव्या शतकात तो पुन्हा बांधून काढावा लागला. धन्याची इच्छा पुरी झाली, जमिनीचे म्हणणे मात्र विचारात आले नाही.

काम असे जुने असले, तरी त्याला स्वतंत्र पदाचे रूप आले ते अमेरिकेत आणि साबणाच्या धंद्यात. प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण 'कॅमे' साबणाच्या जाहिरातीचे काम पाहत असे. त्याच कंपनीच्या 'आयव्हरी' साबणापुढे कॅमेकडे कोणाचे नीट लक्ष जात नव्हते. १३ मे १९३१ रोजी त्याने वरिष्ठांना तीन पानांचे टिपण लिहिले. कंपनीत एका पानाहून मोठे टिपण लिहिण्याची चाल नव्हती, तरी लिहिले. एकेका मालामागे एकेक जबाबदार माणूस असावा, त्याने कोठे खप होतो आणि कोठे होत नाही हे प्रांताप्रांतात जाऊन पाहावे, कारणे शोधावीत आणि उपाय योजून त्याचा जाब स्वतः द्यावा, असा त्याचा आशय होता. मॅकेलरॉय पुढे त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्रीही झाले. (साबणापासून संरक्षणखात्यापर्यंतचा हा प्रवास ऐकून पुष्कळ तरुणांना या व्यवसायाची भुरळ पडते, तो नियम नसून अपवाद आहे.) जपानात टोयोटा कंपनीने एकेका मोटारीसाठी एकेक मुख्य इंजिनियर नेमण्याची पद्धत रुजविली. १९६६ साली निघालेली 'कोरोला' ही तात्सुओ हासेगावा यांच्या अशाच कारभाराखाली तयार झाली. निरनिराळ्या खात्यांतल्या इंजिनियरांवर या मुख्य इंजिनियराची थेट सत्ता नसे. त्याने त्यांना पटवून काम घ्यावयाचे असे. संगणकाच्या कंपन्यांनी हीच कल्पना उचलली, आणि आज नातवाच्या ओळखपत्रावर जे पद छापलेले आहे ते तेथून आले.

त्याच्या रोजच्या कामाचा नमुना पाहण्यासाठी बंगळूरला जावयास नको. २०१६ साली यूपीआयची सोय सुरू झाली आणि काही वर्षांतच घाटावरच्या चहावाल्यापासून नावाड्यापर्यंत सर्वांपाशी चौकोनी ठिपक्यांचे फलक आले. आता चहावाल्याचे दोन्ही हात गुंतलेले, समोर दहा गिऱ्हाइके. त्यांतला एक आपला फोन त्याच्यापुढे नाचवून म्हणतो, "भैया, पैसा भेज दिया," आणि चालू लागतो. पैसे खरोखर आले की नाही, हे पाहण्यासाठी चहावाल्याने किटली खाली ठेवावी, हात पुसावेत, स्वतःचा फोन काढावा आणि संदेश शोधावा, तोवर गिऱ्हाईक पंचगंगेवर पोहोचलेले असते. पैसे येत नाहीत ही अडचण नव्हतीच. पैसे आले असा त्या क्षणी भरवसा वाटत नाही, ही अडचण होती. जमा झालेली रक्कम मोठ्याने बोलून सांगणारी छोटी पेटी दुकानादुकानांत आली ती या अडचणीतून.

अशी पेटी करावयाची ठरली की प्रश्नांची रांग लागते. तिने कोणत्या भाषेत बोलावे? भर बाजाराच्या गलक्यात ऐकू येईल इतका मोठा आवाज ठेवावा, तर विजेरी किती तास पुरेल? पैसे पोहोचल्यानंतर किती क्षणांच्या आत तिने बोलले पाहिजे, म्हणजे गिऱ्हाईक समोर असतानाच खात्री पटेल? महिन्याचे भाडे किती असावे, म्हणजे लहान दुकानदार ती परत करणार नाही आणि कंपनीही बुडणार नाही? इंजिनियर उत्तम पेटी बनवू शकतो. परंतु यांतल्या कशासाठी काय सोडावे, हे ठरविणे एकट्या त्याचे काम नव्हे. विक्रेता गिऱ्हाइकाला सर्व काही कबूल करून बसतो. चहावाल्याला विचारले तर तो म्हणेल, "फोन जरा मोठा द्या." आपल्याला बोलणारी पेटी हवी आहे, हे तो सांगणार नाही, किटली खाली ठेवताना त्याचा चेहरा कसा झाला, ते कोणीतरी पाहावे लागते.

आजोबांच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर ते असे की पगार मिळतो तो हे पाहण्याबद्दल, त्यावरून ठरविण्याबद्दल, आणि ठरविलेले चुकले तर ती चूक आपली म्हणून पत्करण्याबद्दल. या व्यवसायाविषयी लिहिणारे त्याला कौतुकाने 'त्या वस्तूचा मुख्याधिकारी' म्हणतात. या नावाने जितके तरुण फसले असतील तितके दुसऱ्या कशाने फसले नसतील. मुख्याधिकाऱ्याला माणसे नेमता येतात, काढता येतात, पैसा वळविता येतो. प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाती सामान्यतः यांतले काही नसते. त्याच्या बरोबरीने काम करणाऱ्या इंजिनियरांचा वरिष्ठ दुसराच असतो. दिवस जातो तो बैठकांत, टिपणे लिहिण्यात, तक्रारी वाचण्यात, आकडे पडताळण्यात आणि कालच पटवून दिलेली गोष्ट आज दुसऱ्या खात्याला पुन्हा पटवून देण्यात. काम साधले तर 'इंजिनियरांनी काय सुरेख वस्तू केली' असे लोक म्हणतात, आणि ते खरेच असते. फसले तर 'हे करावयाचे कोणी ठरविले?' असा प्रश्न येतो, आणि बोट एकाच दिशेला वळते. हा हिशेब ज्याला मनापासून अन्यायाचा वाटतो, त्याने या वाटेला जाऊ नये. त्यात त्याचा काही दोष नाही. आपल्या हाताची खूण आपल्या कामावर उमटावी, ही इच्छा कारागिराला शोभणारीच आहे.

व्यवसाय मानवतो की नाही हे कसे ओळखावे, याचे एक उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात आहे. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, आणि काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, असे तेथे आढळले. रंगांची पारख नसलेल्याने रंगांच्या धंद्यात हट्टाने राहावयाचे ते कशासाठी? त्यांनी रंग सोडला. रेषा सोडली नाही. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले, पुढे बेळगावास सायकलींचा धंदा केला, कडबा कापण्याचे यंत्र काढले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. 'मला काय व्हावेसे वाटते' या प्रश्नाशी ते थांबले असते, तर एक मध्यम चित्रकार झाले असते. 'माझ्यातले काय चालते आणि काय चालत नाही' हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला.

त्या नांगराची कथा तर या व्यवसायाची प्रवेशपरीक्षाच म्हणावी अशी आहे. नांगर चांगला होता, आणि तरीही पहिली दोन वर्षे तो जवळजवळ विकला गेला नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. येथे नवशिक्या माणसाने स्वतःला विचारून पाहावे : आपण केलेली वस्तू दोन वर्षे पडून राहिली, तर मनात प्रथम काय येईल? 'लोक अडाणी आहेत' असे येईल, की 'त्यांना भीती कशाची वाटते ते जाऊन पाहू' असे येईल? ज्या शेतकऱ्याचे सारे वर्ष एका शेतावर अवलंबून आहे, त्याने ती जमीन अनोळखी लोखंडाच्या हवाली करण्यास कचरावे, यात अडाणीपणा तो कोणता? नुकसान झाले तर ते कारखानदाराचे नव्हे, त्याचे होणार होते. हे ज्याला आपसूक सुचते, त्याला या व्यवसायाचे निम्मे मर्म उमगलेले असते. किर्लोस्करांचा कारखाना १९१० साली औंध संस्थानात गेला आणि माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली तेथून निघालेली 'किर्लोस्कर खबर' ही मुळात कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्यात बोलणे चालू राहावे, याच हेतूने निघाली होती. कारखान्याने मासिक काढावे हे त्या वेळी पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल.

दुर्गाघाटावरच्या त्या मुलीपुढचा खरा पेच मात्र निराळा आहे. तिला प्रोग्रॅम लिहावयास आवडते. रात्री उशिरा, घर झोपल्यावर, अडलेला प्रोग्रॅम एकदाचा चालू लागतो तेव्हा होणारा आनंद तिला ठाऊक आहे. प्रॉडक्ट मॅनेजर झाल्यावर तो आनंद जवळजवळ संपतो, ही गोष्ट तिला सहसा कोणी सांगत नाही. हे पद इंजिनियराच्या वरची पायरी नव्हे, तो दुसराच जिना आहे. चार-पाच वर्षे प्रोग्रॅम लिहिला नाही की हात आखडतो, ज्ञान शिळे होते, आणि परत फिरणे अशक्य नसले तरी महाग पडते. ज्या घरात लेकीच्या शिक्षणासाठी चार वर्षे हात आखडून संसार केला, तेथे ही किंमत लहान नाही. दिवसाच्या अखेरीस 'आज मी हे केले' असे बोटाने दाखविण्याजोगे काही नसले, तरी ज्याला स्वस्थ झोप लागते, त्याला हे काम मानवते. ज्याला लागत नाही त्याने इंजिनियरच राहावे. त्या जिन्यालाही वरच्या पायऱ्या आहेत.

दुसरी कसोटी भिडेची आहे, आणि ती मराठी घरांत वाढलेल्या मुलांना अधिक जड जाते. वडीलधाऱ्यांपुढे 'नाही' म्हणावयाचे नाही, हा संस्कार चांगला आहे. परंतु या व्यवसायात दिवसातून अनेकदा 'नाही' म्हणावे लागते, आणि तेही वयाने, पगाराने, अनुभवाने मोठ्या असलेल्यांना. विक्रीचे प्रमुख एका बड्या गिऱ्हाइकासाठी एक सोय मागतात. ती दिली तर शंभर लहान गिऱ्हाइकांचे काम महिनाभर मागे पडते. भिडस्त माणूस सर्वांना 'पाहू, करू' म्हणतो आणि सर्वांनाच दुखवितो. उर्मट माणूस एकदाच नकार देतो आणि पुढच्या वेळी त्याला कोणी काही सांगतच नाही. कारणासह, आकड्यांसह आणि समोरच्याचा मान राखून नकार देण्याची विद्या शिकता येते; मात्र ती शिकण्याची इच्छा हवी. त्याचबरोबर आपलेच मत आकड्यांनी खोटे पाडले तर ते सर्वांदेखत सोडून देण्याचीही तयारी हवी. आपले मत सोडताना ज्याच्या जिवाला कुरतडते, त्याला दुसऱ्याचे मत सोडावयास सांगण्याचा अधिकार उरत नाही.

स्वतःची पारख करण्यासाठी परीक्षांचे तक्ते भरण्यापेक्षा मागे वळून पाहणे बरे. काशीच्या मराठी वस्तीत गणेशोत्सव होतोच. त्यात कोणी मखर केले, कोणी वर्गणीचा हिशेब ठेवला, कोणी गायन केले. आणि कोणा एकाने, न सांगता, हे हेरलेले असते की आरती उशिरा होते म्हणून शाळकरी मुले पेंगतात, किंवा चपलांचा ढीग दारातच पडतो म्हणून म्हाताऱ्या बायका आत येत नाहीत. त्याने स्वतः काही सजविले नसेल. चार जणांशी बोलून त्याने आरतीची वेळ बदलविली, आणि पुढच्या वर्षी गर्दी का वाढली हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. हे करताना ज्याला मजा वाटली, त्याचा कल स्पष्ट आहे. ज्याला तो वेळेचा अपव्यय वाटला, त्याचाही कल तितकाच स्पष्ट आहे.

पदवी हातात पडताच हे पद मिळणे तसे दुर्मीळ. पुष्कळजण आधी इंजिनियर, आरेखक, विक्रेते किंवा गिऱ्हाइकांच्या तक्रारी निवारणारे म्हणून काही वर्षे काढतात आणि मग इकडे वळतात. यात तोटा नाही. तक्रारींच्या टेबलावर बसलेल्याला वस्तूची जितकी ओळख होते तितकी क्वचितच कोणाला होते. हल्ली यंत्रालाच सांगून एखाद्या सोयीचा कामचलाऊ नमुना दिवसा-दोन दिवसांत उभा करता येतो. त्यामुळे नात्यातल्या एखाद्या दुकानदाराची एक लहानशी अडचण घेऊन, तिच्यावर उपाय बांधून, तो त्याच्याकडून महिनाभर वापरवून घेणे, हे विद्यार्थिनीलाही शक्य आहे. महिन्याअखेरीस दुकानदाराने तो उपाय वापरणे सोडून दिलेले असण्याचा संभव पुष्कळ. त्यानंतर त्याच्याकडे पुन्हा जाऊन 'काका, का सोडलेत?' असे विचारण्याचा उत्साह उरला आहे की नाही, एवढे पाहावे.

उत्साह उरला तर पुढच्या शरद ऋतूत दुर्गाघाटावरच तिला आणखी एक धडा गिरविता येईल. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे जाड थर बसलेले असतात, आणि पाण्याचे जोरदार फवारे मारून तो गाळ नदीत परत लोटण्याचे काम सुरू होते. कार्तिकस्नानाला येणारे लोक पहाटेच्या अंधारात उतरणार, पौर्णिमेला देवदीपावलीचे दिवे लागणार, नावाड्यांना त्याआधी नावा लावावयाच्या, आणि पंप थोडे, माणसे थोडी, दिवस मोजके. सर्व घाट एकदम धुऊन निघणे शक्य नसते. खालून वर धुवीत यावे की वरून खाली? स्नानाची जागा आधी मोकळी करावी की नावांची? घाटियांचे ओटे कधी? पंपवाल्यांवर तिची सत्ता नाही आणि घाटियांवरही नाही. तिने वही घेऊन वरच्या पायरीवर बसावे, दोन सकाळी नुसते पाहावे, आणि कोणता कोपरा आधी धुवावयाचा ते कारणांसह एका पानावर लिहून आजोबांना वाचून दाखवावे. आजोबा त्यात चुका काढतीलच; ते या घाटावर रोज उतरतात.